सोन्याच्या वाटेवरचे तीन संसार

नवराबायकोनें मिळून केलेल्या प्रवासाचें वर्णन वाचावयास घेतलें म्हणजे आम्हांस नेहमीं एक शंका येते. वाटेनें गेलीं दोघें. मग पुस्तक एकाचेंच कां? बहुधा पुस्तकांत 'मी' बोलत असतो, आणि दुसरें माणूस सामानाच्या यादींत, तंबू, शिदोरी आणि स्टोव्ह यांच्या शेजारीं कोठें तरी बसविलेलें असतें. एकाच्या नजरेस जें पडलें तेंच दोघांनीं पाहिलें असें गृहीत धरून ग्रंथकार पुढें चालूं लागतो. प्रवासवर्णनाचें परीक्षण करतांना भाषेचा डौल, निसर्गचित्रणाची हातोटी, माहितीचा बिनचूकपणा या गोष्टी आपण तपासतों. परंतु सोबतीच्या माणसाचें ग्रंथकारानें काय केलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि एका विशिष्ट प्रदेशाविषयींचें वाङ्मय वाचीत असतां तर तो टाळतांच येत नाहीं. तो प्रदेश म्हणजे उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकाचा, कॅनडांतील यूकॉन आणि त्याला लागून असलेला अलास्का यांचा, सोन्याच्या पायीं जगभर गाजलेला मुलूख.

या मुलुखाची ओळख आमच्या बहुतेक वाचकांस दोन वाटांनीं झालेली असेल. एक वाट चार्ली चॅप्लिनच्या १९२५ सालच्या 'द गोल्ड रश' या मूकपटाची, आणि दुसरी जॅक लंडनच्या कुत्र्यालांडग्यांच्या कथांची. मूळ हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजीं क्लाँडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें. त्या ओढ्याला पुढें बोनान्झा असें नांव पडलें. पुढल्या वर्षीं जुलै महिन्यांत सोनें घेतलेलीं माणसें दोन आगबोटींतून सॅन फ्रान्सिस्को व सिअ‍ॅटल या बंदरांत उतरलीं, आणि सुमारें एक लाख लोक घरदार सोडून उत्तरेकडे निघाले. त्यांपैकीं तीसचाळीस हजार डॉसन गांवीं पोंचले आणि सोनें लागलें तें जेमतेम चार हजारांस, असा अंदाज आहे. १८९९ मध्यें अलास्काच्या किनाऱ्यावर नोम येथें सोनें निघाल्याची वार्ता आली, आणि आलेले हजारों लोक एका उन्हाळ्यांत निघूनहि गेले. तीन वर्षांचा हा खेळ. पण त्यावर उभें राहिलेलें वाङ्मय आज सव्वाशें वर्षें झालीं तरी वाढतेंच आहे.

या वाङ्मयाचा पाया ज्यांनीं घातला ते दोन लेखक एकट्या पुरुषाचे भाट होते. लंडन १८९७ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं तेथें गेला. बरोबर बहिणीचा वयस्क नवरा होता, पण तो वाटेवरूनच परतला. लंडननें हेंडरसन नांवाच्या ओढ्याकांठीं लांकडाच्या झोपडींत एक हिंवाळा काढला, त्याला स्कर्व्हीनें गांठलें, आणि पुढल्या उन्हाळ्यांत तो रित्या हातानें घरीं आला. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' (१९०३) आणि 'व्हाइट फँग' (१९०६) या त्या एका हिंवाळ्याच्या कमाईवर उभारलेल्या कादंबऱ्या. त्याच्या १९०८ सालच्या 'टु बिल्ड अ फायर' या कथेंत एक माणूस भयंकर थंडींत एकटा चालत जातो, विस्तव पेटविण्याचा प्रयत्न करतो आणि गोठून मरतो. अशा थंडींत एकट्यानें निघूं नये असें त्याला एका म्हाताऱ्या माहितगारानें आधींच बजावलेलें असतें. या देशांत सोबत हेंच पहिलें हत्यार आहे, हें लंडनला पक्कें ठाऊक होतें; तरी त्याच्या कल्पनेला भुरळ पडे ती एकटेपणाचीच. सोबत द्यावयाचीच झाली तर तो कुत्र्याची देतो.

रॉबर्ट सर्व्हिस या कवीची कथा याहून गमतीची आहे. तो बँकेंतला कारकून. १९०४ मध्यें बदली होऊन तो व्हाइटहॉर्सला आला तेव्हां सारी धामधूम संपून पांच वर्षें झालीं होतीं. १९०७ मध्यें त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला, आणि डॉसन गांव त्यानें प्रथम पाहिलें तें १९०८ मध्यें. म्हणजे ज्या गुत्त्यांची, जुगारांची आणि बर्फांत हरवलेल्या माणसांची गाणीं त्यानें गाइलीं तीं त्यानें ऐकलेलीं होतीं, पाहिलेलीं नव्हतीं. यांत आम्ही दोष मानीत नाहीं. पोवाडा रचणारा शाहीर लढाईंत असलाच पाहिजे असें कोण म्हणेल? पण त्याचा परिणाम असा झाला कीं, क्लाँडाइक म्हणजे बायकामुलें मागें टाकून आलेल्या पुरुषांचा देश ही समजूत कायम झाली. चॅप्लिननें तिचीच थट्टा केली आणि थट्टेनें ती अधिकच घट्ट झाली.

वस्तुस्थिति अशी नव्हती. कॅलिफोर्नियांतील क्लॅरेन्स बेरी यानें १८९६ च्या वसंतांत एथेल हिच्याशीं लग्न केलें, आणि नवी नवरी चिल्कूटची बर्फाची खिंड ओलांडून त्याच्याबरोबर यूकॉनांत उतरली. मधुचंद्रासाठीं याहून कठीण वाट कोणी निवडली असेल असें वाटत नाहीं. पुढल्या वर्षीं सोनें घेऊन परतलेल्या मंडळींत हें जोडपें होतें, आणि वृत्तपत्रांनीं एथेलचें कौतुक केलें. याच्या उलट मार्था पर्डी हिची गोष्ट. नवऱ्यानें क्लाँडाइकचा बेत ऐन वेळीं सोडून भलतीकडे तोंड वळविलें, तेव्हां ही बाई १८९८ मध्यें भावाबरोबर, पोटांत मूल असतां, तीच खिंड चढून गेली, आणि १८९९ च्या जानेवारींत डॉसनच्या झोपडींत बाळंत झाली. पुढें तिनें जॉर्ज ब्लॅक या वकिलाशीं १९०४ मध्यें लग्न केलें, आणि १९३५ मध्यें वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर ती कॅनडाच्या लोकसभेंत निवडून आली. रामायणांत हरिण मागितलें सीतेनें आणि त्याच्या मागें धांवला राम. या उत्तरेकडच्या रामायणांत हरिण पाहिलें पुरुषानें आणि धांवलाहि तोच. पर्णकुटींत मागें कोण राहिलें आणि तिचें पुढें काय झालें, हें मात्र फारच थोड्यांनीं लिहून ठेविलें.

आज हा सारा मुलूख मोटारीनें पाहतां येतो. १९४२ मध्यें युद्धाच्या निकडीनें अमेरिकन लष्करानें अलास्का हायवे आठनऊ महिन्यांत फोडला. पुढल्या दशकांत व्हाइटहॉर्सपासून डॉसनपर्यंत सडक झाली आणि नदीवरच्या आगबोटी बंद पडल्या. किनाऱ्यावरच्या स्कॅगवेहून निघून व्हाइट पासची खिंड चढावी, कारक्रॉसवरून व्हाइटहॉर्सला यावें, तेथून सुमारें ५३० किलोमीटर उत्तरेस डॉसनला जावें, तेथें तराफ्यानें यूकॉन नदी ओलांडून डोंगरमाथ्यावरच्या खडीच्या रस्त्यानें अलास्कांत चिकन नांवाच्या चिमुकल्या वस्तीवर उतरावें, असा हा मार्ग. दरवर्षीं उन्हाळ्यांत कितीतरी जोडपीं तो करतात आणि त्यांतलीं कांहीं त्याचें वर्णन लिहितात. एकजण चाक धरतो आणि दुसरें मांडीवर 'द माइलपोस्ट' उघडून बसतें. १९४९ पासून निघणारें हें मार्गदर्शक पुस्तक मैलामैलागणिक सांगतें कीं येथें पेट्रोल मिळतें, येथें पूल अरुंद आहे, येथून अस्वलें दिसण्याचा संभव आहे.

या लिखाणाचा दोष आमच्या मतें असा आहे कीं, त्यांतलें पुष्कळसें 'माइलपोस्ट'च असतें, फक्त विशेषणें घातलेलें. फुटलेलें टायर, खडा लागून तडकलेली काच, मध्यरात्रीं न मावळणारा उजेड, डांस, आणि भाजलेला सामन मासा, या पांच गोष्टी आल्या कीं प्रकरण पुरें होतें. मध्येंच लंडनची एक आठवण आणि सर्व्हिसची एक ओळ. म्हणजे दोन माणसें हातांत हात घालून निघतात आणि जेथें जेथें उतरतात तेथें तेथें एकट्या पुरुषाच्या गाथेला फूल वाहून पुढें जातात. गंमत अशी कीं, याच रस्त्यावर तीन ठिकाणीं त्यांच्यासारख्याच तीन जोडप्यांचे संसार झालेले आहेत, आणि त्या तिन्हींची कथा पुस्तकांत आहे. तीन संसारांची हकीकत तीन निरनिराळ्या रीतींनीं लिहिली गेली. त्या रीतींची तुलना करणें हाच या लेखाचा उद्देश.

पहिला संसार कारक्रॉसचा. येथें टॅगिश जमातीची केट कारमॅक हिची कबर आहे. तिचें मूळ नांव शॉ त्ला. जॉर्ज कारमॅक हा कॅलिफोर्नियांतून आलेला गोरा तिचा नवरा. जमातीच्या रीतीप्रमाणें ती दोघें एकत्र नांदूं लागलीं, त्यांना एक मुलगी झाली. त्या देशांत राहण्याची विद्या तिच्यापाशीं होती: सापळे लावणें, मासे वाळविणें, कातड्याचे जोडे व हातमोजे शिवणें. हे जोडे ती खाणकऱ्यांस विकी आणि त्यावर घर चाले. १८९६ च्या उन्हाळ्यांत हीं नवराबायको क्लाँडाइकच्या मुखाशीं मासे धरीत असतां तिचा भाऊ कीश, ज्याला गोरे लोक स्कूकम जिम म्हणत, आणि भाचा चार्ली तेथें आले. आणि थोड्याच दिवसांत बोनान्झाचें सोनें सांपडलें. तें पहिल्यानें कोणाच्या दृष्टीस पडलें याविषयीं एकमत नाहीं. कोणी कारमॅक म्हणतात, कोणी जिम, कोणी केट. शोधाचा मान म्हणून मिळणारा जादा तुकडा मात्र कारमॅकनें आपल्या नांवावर नोंदविला. मूलवासी माणसाचा हक्क कोणी मानणार नाहीं, असें कारण त्यानें दिलें असें सांगतात.

पुढची कथा शोचनीय आहे. सोन्यासह हीं मंडळी सिअ‍ॅटलला गेलीं. केट शहरांत बावरली, हॉटेलांत खोली सांपडावी म्हणून कुऱ्हाडीनें लांकडावर खुणा करीत गेली, अशा आख्यायिका वृत्तपत्रांच्या काळापासून चालत आल्या आहेत. १९०० मध्यें नवऱ्यानें तिला टाकलें आणि दुसरीशीं लग्न केलें. तिनें कोर्टाची पायरी चढून पाहिली. पण लग्नाचा कागद नव्हता. ती कारक्रॉसला परत आली आणि १९२० मध्यें तेथेंच वारली. आज व्हाइटहॉर्सहून डॉसनला जातांना वाटेवर जें कारमॅक्स नांवाचें गांव लागतें तें तिच्या नवऱ्याच्या नांवाचें.

केटनें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. त्यामुळें वर्षानुवर्षें ती दुसऱ्यांच्या पुस्तकांत हंशा पिकविण्यापुरती येत राहिली. कुऱ्हाडीच्या खुणांची ती आख्यायिका खरी असो वा खोटी, ती कोणत्या तोंडानें सांगितली जाते हें पाहावें. जंगलांत वाट चुकूं नये म्हणून झाडावर खूण करणें ही शहाणपणाची कृति. त्या कृतीनेंच या नवऱ्याला रानांत जगविलें असेल. तीच कृति हॉटेलांत केली म्हणून ती वेडगळ ठरते, आणि सांगणाराला आपण कोणाच्या शहाणपणावर जगलों याचा विसर पडतो. पुष्कळ उशिरां, २०१६ मध्यें, डेब व्हनास यांचें केटचें स्वतंत्र चरित्र निघालें आणि या अन्यायाची कांहींशी भरपाई झाली.

परंतु आम्हांस याहूनहि महत्त्वाची वाटते ती एक मौखिक परंपरा. ज्यूली क्रूकशँक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं यूकॉनांतील तीन वृद्ध मूलवासी स्त्रियांच्या तोंडच्या कथा त्यांच्याच सहकार्यानें लिहून घेतल्या. 'लाइफ लिव्ह्ड लाइक अ स्टोरी' हा तो १९९० सालचा ग्रंथ. त्या तिघींपैकीं अँजेला सिडनी या कारक्रॉसकडच्या, जिमच्या गोतांतल्या. त्यांच्याकडील परंपरेप्रमाणें जिम खालच्या अंगाला गेला तो सोनें शोधावयास नव्हे. बहिणी नवऱ्यांबरोबर दूर गेल्या, कित्येक दिवस निरोप नाहीं, त्या सुखरूप आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं तो निघाला होता. छापील इतिहासांत ही मोहीम लोभानें सुरू होते. तोंडी कथेंत ती माहेरच्या काळजीनें सुरू होते. एकाच प्रवासाचीं हीं दोन वर्णनें आहेत, आणि त्यांत तपशिलाचा फरक थोडा, दृष्टीचा फार आहे. भाऊ बहिणीला पाहावयास गेला ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाहीं. इंग्रजी ग्रंथकारांना ती ऐकावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

दुसरा संसार डॉसनचा. १९०७ मध्यें टोरांटोहून लॉरा थॉम्प्सन नांवाची एकोणतीस वर्षांची बालवर्गाची शिक्षिका येथें आली, ती एका वर्षाच्या बोलीनें. राहिली पंचवीस वर्षें. फ्रँक बर्टन हा १८९८ मध्यें सोन्यासाठीं आलेला, शिकलेला, सोनें न लाभलेला आणि तरीहि मागें राहिलेला गृहस्थ. १९१२ मध्यें दोघांचें लग्न झालें. तो सरकारी खाण-नोंदणीच्या कचेरींत काम करी. १९३२ मध्यें तीं दोघें दोन मुलांसह गांव सोडून गेलीं. १९५४ मध्यें, नवरा वारल्यावर नऊ वर्षांनीं, बर्टनबाईंनीं 'आय मॅरीड द क्लाँडाइक' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लाँडाइकशीं माझें लग्न लागलें, असा त्या नांवाचा अर्थ. नांव विनोदी आहे. पण नवऱ्याबरोबर त्याचा देशहि पत्करावा लागतो, ही गोष्ट सासरीं गेलेल्या कोणत्याहि स्त्रीला विनोदाची वाटणार नाहीं.

या पुस्तकाचा मोठा गुण असा कीं, त्यांत सोन्याची गर्दी नाहीं. गर्दी ओसरल्यावर उरलेलें गांव आहे. एके काळीं जेथें हजारोंनीं माणसें होतीं तेथें वर्षावर्षाला दिवे कमी होत गेले. त्या गांवाचें वर्ष दोन घटनांवर टांगलेलें असे: वसंतांत नदीवरचें बर्फ फुटून पहिली आगबोट येणें, आणि शरदांत शेवटची आगबोट सुटणें. शेवटच्या बोटीनें कोण गेलें आणि कोण राहिलें यावर हिंवाळ्याचा हिशेब ठरे. १९१८ च्या ऑक्टोबरांत 'प्रिन्सेस सोफिया' ही बोट अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढून बुडाली. साडेतीनशेंच्या आसपास माणसें गेलीं, त्यांत यूकॉनचीं फार. अशा गांवांत चहापानें, भेटीचीं कार्डें, नाचाचे समारंभ आणि कोणी कोणाला घरीं बोलवावें याचे कडक नियम चालत असत, हें बर्टनबाई ज्या बारकाईनें सांगतात ती लंडनला साधली नसती, कारण तो तेथें एकच हिंवाळा होता. सुनें पडत चाललेलें घर पाहण्यास वस्ती करावी लागते. आणखी एक गुण आम्हांस नोंदवावासा वाटतो. बाई 'मी' म्हणतात, पण नवऱ्याला सामानाच्या यादींत टाकीत नाहींत. सोनें न मिळालेला माणूस लंडनच्या जगांत पराभूत ठरला असता. येथें तो संसार चालवितो, हातानें होडी बांधतो, मुलांना नदी दाखवितो. अपयशाच्या पलीकडेहि माणसाचें आयुष्य असतें हें दाखविणारें क्लाँडाइकवरचें आमच्या माहितींतलें हें उत्तम पुस्तक.

दोषहि सांगितले पाहिजेत. डॉसनच्या जागेच्या समोरच, नदीच्या पलीकडच्या कांठीं, त्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचें मासेमारीचें ठिकाण होतें. त्यांच्या 'त्रॉन्डेक' या नांवाचा अपभ्रंश म्हणजेच क्लाँडाइक. झुंबड उडाली तेव्हां त्यांचा प्रमुख चीफ आयझॅक यानें आपल्या लोकांना थोडें खालीं मूसहाइड येथें नेलें, आणि या धुमश्चक्रींत आपलीं गाणीं व नृत्यें नष्ट होतील हें ओळखून तीं अलास्कांतील नातलगांच्या स्वाधीन केलीं. सोनें नेणारांनीं काय नेलें याच्या याद्या पुष्कळ आहेत; पण ठेव म्हणून दुसऱ्याकडे काय ठेवावें हें ज्याला त्या गोंधळांत सुचलें, त्याच्या दूरदृष्टीचें मोल कोणत्या ताजव्यांत करावें? बर्टनबाईंच्या पुस्तकांत मूसहाइडचे हे शेजारी दिसतात, पण दुरून आणि त्या काळच्या गोऱ्या समाजाच्या चष्म्यांतून. मिश्र विवाह करणाराला डॉसनच्या प्रतिष्ठित घरांचीं दारें बंद असत ही वस्तुस्थिति त्या सांगतात. पण दाराबाहेरच्यांना काय वाटलें हें विचारीत नाहींत. पहिल्या संसाराची केट या दुसऱ्या संसाराच्या दिवाणखान्यांत बसूं शकली नसती. पुस्तक चांगलें असूनहि त्याची भिंत कोठें आहे हें वाचकानें ओळखलें पाहिजे.

बर्टनबाईंचा मुलगा पिअर हा पुढें कॅनडाचा अतिशय लोकप्रिय इतिहासकार झाला. त्याचा 'क्लाँडाइक' हा १९५८ सालचा ग्रंथ विस्तारानें, परिश्रमानें आणि वेगानें आईच्या पुस्तकाहून कितीतरी मोठा आहे. झुंबडीची संपूर्ण कथा वाचावयाची तर तोच वाचावा. तरीहि दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवलीं असतां आम्हांस वाटतें कीं, मुलानें देशाचा इतिहास लिहिला आणि आईनें देश. पिअरलाहि तें कोठें तरी जाणवलें असावें. कारण १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'ड्रिफ्टिंग होम' या लहान पुस्तकांत तो बायकोमुलांना घेऊन होडीनें त्याच नदीवरून डॉसनकडे उतरतो आणि वाटेभर बापाची आठवण काढतो. तेथें मात्र सोनें मागें पडतें आणि होडींत कोण बसलें आहे याला महत्त्व येतें. त्याच्या ग्रंथसंभारांत हें पुस्तक आकारानें लहान, पण आमच्या मतें जिव्हाळ्यानें पहिलें.

डॉसनला नदी ओलांडून नेणारा तराफा उन्हाळ्यांत अहोरात्र फेऱ्या करतो. त्याचें नांव 'जॉर्ज ब्लॅक', म्हणजे वर सांगितलेल्या मार्थाच्या दुसऱ्या नवऱ्याचें. नांवें देतांना या देशानें नवऱ्यांची आठवण बरी ठेविली आहे! पलीकडे सरहद्द ओलांडली कीं चिकन येतें, आणि तेथें तिसरा संसार भेटतो. १९२७ मध्यें अ‍ॅन हॉब्स ही एकोणीस वर्षांची मुलगी ईगल गांवाहून ओझ्याच्या जनावरांच्या तांड्याबरोबर या वस्तीवर शिक्षिका म्हणून आली. मुलांना 'टीचर' म्हणतां येईना, तीं 'टिशा' म्हणूं लागलीं. 'टिशा' हेंच तिच्या कथेचें नांव झालें. तिनें मूलवासी मुलांना शाळेंत आणि घरांत घेतलें म्हणून वस्तींतले गोरे लोक खवळले. ज्या तरुणावर तिचें मन बसलें तो फ्रेड पर्डी हा एस्किमो आईचा मुलगा, म्हणून ते अधिकच खवळले. तरी तिनें त्याच्याशींच लग्न केलें. केटच्या संसारांत जो जातिभेद नवऱ्याच्या मनांत लपून बसला होता, तो येथें सबंध गांवाच्या तोंडीं आहे, आणि या वेळीं तो हरतो.

'टिशा' १९७६ मध्यें निघालें. तें 'मी'च्या तोंडचें आहे. पण लेखणी रॉबर्ट स्पेक्ट याची. अ‍ॅनबाईंनीं सांगितलें, त्यानें लिहिलें. याचा लाभ असा कीं कथा बांधेसूद झाली, रंगली, हजारों वाचकांपर्यंत गेली. तोटा असा कीं ती कित्येक ठिकाणीं फारच बांधेसूद वाटते. संकट प्रकरणाच्या शेवटीं वेळेवर येतें, दुर्जन पुरते दुर्जन असतात, आणि शेवटचा पाठलाग चित्रपटाच्या धाटणीवर आहे. बर्टनबाईंच्या पुस्तकांत कांहीं न घडणारे दिवस आहेत, येथें तसा दिवस सांपडत नाहीं. आणि संसार म्हटला म्हणजे कांहीं न घडणाऱ्या दिवसांचीच त्यांत भरती. तरीहि दाराबाहेरच्यांना काय वाटलें हें या पुस्तकांत प्रथम ऐकूं येतें, म्हणून त्याच्या ठाकठिकीपणाबद्दल आम्ही फार तक्रार करणार नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल. दहा दिवसांच्या रजेवर मोटार घेऊन निघालेल्या साध्या जोडप्यानें एवढा विचार कां करावा? त्यांना डोंगर पाहावयाचे आहेत, पाहूं द्यावे. आक्षेप रास्त आहे, आणि जोंवर तें जोडपें नुसता प्रवास करतें तोंवर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण तें लिहावयास बसलें, म्हणजे तें वाङ्मयाच्या प्रदेशांत आलें, आणि तेथें या देशाकडे पाहण्याच्या दोन रीती समोर येतात. एका रीतीनें देश म्हणजे पेटी: उघडावी, असेल तें घ्यावें, निघावें. पूर्वी सोनें घेतलें, आतां छायाचित्रें घेतात. डॉसनजवळ बोनान्झाच्या कांठीं 'ड्रेज नंबर ४' नांवाचें अवाढव्य यंत्र जपून ठेविलें आहे. तें १९५९ पर्यंत चालत होतें. अशा यंत्रांनीं नदीचें पात्र खणून, चाळून, मागें टाकलेल्या गोट्यांचे ढीग मैलमैल पसरलेले आहेत. त्यांवर झाडहि धड वाढत नाहीं. पेटी उघडून घेतल्यावर काय उरतें याचें इतकें स्पष्ट दर्शन दुसरीकडे क्वचितच होईल. दुसऱ्या रीतीनें देश म्हणजे कोणाचें तरी घर. २०२३ मध्यें युनेस्कोनें 'त्रॉन्डेक-क्लाँडाइक' हें स्थळ जागतिक वारशांत घेतलें, तेव्हां तेथील मूळ लोकांचें नांव आधीं आणि झुंबडीचें मागून आलें. दुसऱ्या रीतीला थोडी मान्यता मिळाल्याचें तें चिन्ह आम्ही समजतों.

दोघांनीं केलेल्या प्रवासाला या दुसऱ्या रीतीची संधि अधिक असते, असें आमचें म्हणणें आहे. एकट्याला वाटेंत आपल्या धाडसाचें आख्यान मनाशीं रचतां येतें. त्याला हटकणारें कोणी नसतें. दोघांत मात्र जेवण कोठें करावें, पाणी कोठलें घ्यावें, येथें राहतां येईल काय, असें बोलणें निघतेंच. हें बोलणें लिहिणारे क्षुल्लक समजून गाळतात आणि डोंगराचें वर्णन ठेवतात. तेंच ठेवावें, डोंगराचें वर्णन पुष्कळांनीं केलेलें आहे. आणि सोबतीचें माणूस आपल्याहून निराळें काय पाहत होतें हें त्याला एकदां तरी विचारून लिहावें. केटला तिच्या नवऱ्यानें तें विचारलें असतें आणि कोठें टिपून ठेविलें असतें, तर बोनान्झावर तें सोनें प्रथम कोणीं पाहिलें याचा वाद आज उरला नसता.

डॉसनला आठव्या गल्लींत तीन लांकडी घरें जवळजवळ उभीं आहेत, आणि प्रवासी तीं एका फेरींत पाहून घेतात. एक सर्व्हिसची झोपडी. दुसरी लंडनची. मूळ झोपडी रानांत सांपडल्यावर तिचीं लांकडें वांटून दोन झोपड्या बांधल्या. एक येथें आहे आणि दुसरी कॅलिफोर्नियांत त्याच्या ऑकलंड गांवीं. म्हणजे दोन्ही ठिकाणीं अर्धीच. तिसरें बर्टन कुटुंबाचें घर, जें लॉरा आणि फ्रँक यांनीं १९२० मध्यें घेतलें. पहिलीं दोन घरें पाहण्यासाठीं आहेत. या तिसऱ्यांत माणसें राहतात. १९९६ पासून तें लेखकांना कांहीं महिने राहून लिहिण्यासाठीं देण्यांत येऊं लागलें. या मुलुखावर पुढें जें लिहिलें जाईल त्यांतलें कांहीं त्या घरांतल्या टेबलावर लिहिलें जाईल. लिहिणारानें आपल्याबरोबर कोण आलें आहे हें तेवढें विसरूं नये.